अंगठा तुमचा, चूकही तुमचीच

जुलै 2024 मध्ये इंडोनेशियात चोरांनी जनतेची जाहीर माफी मागितली.

चोर आधुनिक होते. भिंत फोडून नव्हे, संगणकातून आले. 20 जूनला सुराबायामधल्या राष्ट्रीय डेटा सेंटरला त्यांनी आपलं कुलूप ठोकलं आणि किल्लीचे 80 लाख डॉलर मागितले. दोनशेहून जास्त सरकारी कार्यालयं एका झटक्यात आंधळी झाली. विमानतळांवर पासपोर्ट तपासायच्या रांगा लांबल्या. सरकार म्हणालं, खंडणीचा एक छदामही देणार नाही. बाणेदार उत्तर! टाळ्या वाजल्या. मग कुणीतरी विचारलं, ते ठीक, पण बॅकअप कुठाय?

नव्हता.

त्या केंद्रातल्या 98 टक्के माहितीची दुसरी प्रतच नव्हती. बॅकअपची सोय होती हो, पण ऐच्छिक. ज्याला हवा त्याने घ्यावा. आणि सरकारी कार्यालयाला एखादी गोष्ट ऐच्छिक आहे असं सांगितलं की तिचं काय होतं, हे आपल्याला जाकार्ताने शिकवायची गरज नाही.

पैसे नव्हते, असं कारण निघालं. खरंच नव्हते? महिनाभरही झाला नव्हता, मे महिन्यात खुद्द अध्यक्ष जोको विडोडो यांनी भर सभेत हिशेब मांडला होता: मंत्रालयं आणि स्थानिक सरकारं मिळून 27 हजार ॲप आहेत, आता नवी बनवणं थांबवा. नव्या ॲपसाठी त्या वर्षी तरतूद होती 6.2 लाख कोटी रुपियांची. म्हणजे पैसा होता. पण ॲपचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो, बातमी छापून येते. बॅकअपची फीत कोण कापणार?

शेवटी चोरांनाच दया आली. किल्ली फुकट दिली, वर लोकांना त्रास झाला म्हणून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संबंधित खात्याच्या महासंचालकांनी राजीनामा दिला.

आधी चोर, मग अधिकारी. क्रम लक्षात ठेवा.

इंडोनेशियाचं काय घेऊन बसलात, तो अजून शिकतोय, असं कुणी म्हणेल. मग पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्याकडे जाऊ. दक्षिण कोरिया. डिजिटल सरकारांच्या यादीत ओईसीडी या देशांच्या संघटनेने ज्याला पहिलं बसवलं तो देश.

ऑक्टोबर 2022 मध्ये तिथे एका खासगी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली आणि काकाओ हे ॲप बंद पडलं. अख्खा देश त्याच ॲपवर बोलतो, त्यावरच टॅक्सी बोलावतो. सरकारने कंपनीला उभं-आडवं घेतलं. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवता? दुसरी प्रत दुसरीकडे नको? कंपनीच्या एका प्रमुखाने पद सोडलं. कायदे कडक झाले. त्याच सुमारास सरकारी अधिकाऱ्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, आमचं केंद्र बंद पडलं तर तीन तासांत सुरू करू.

26 सप्टेंबर 2025 ला देजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये आग लागली. पुन्हा बॅटऱ्याच. दहा वर्षांचं वय उलटलेल्या, आणि आगीच्या भीतीनेच हलवायला काढलेल्या. सहाशेहून जास्त सरकारी प्रणाली बंद. टपाल खातं, त्याची बँक, मोबाइलमधलं ओळखपत्र, सगळं ठप्प. तोंडावर चुसॉकचा सण.

तीन तास? महिना उलटला तरी सगळं सुरू झालं नव्हतं.

पण खरी गंमत, तिला गंमत म्हणवत असेल तर, जी-ड्राइव्हची. कर्मचाऱ्यांना सरकारी सूचना होती: आपल्या टेबलावरच्या संगणकात काही साठवू नका, सगळं जी-ड्राइव्हवर ठेवा, तेच सुरक्षित. सुमारे सव्वा लाख कर्मचारी तो वापरत होते. त्यातली 858 टेराबाइट माहिती जळाली. बॅकअप का नव्हता? माहिती फार मोठी होती म्हणून. म्हणजे जपायला जड, जाळायला हलकी.

नियम पाळणाऱ्यांचं सगळं गेलं. ज्यांनी गुपचूप आपल्या संगणकात फाइल ठेवली होती, त्यांची फाइल वाचली. आता त्या सव्वा लाखांना पुढची सूचना कोण पाळायला लावणार, सांगा.

जपानची तऱ्हा उलटी. तिथे काही जळत नाही, कारण तिथे फ्लॉपी होती.

हसू नका. 2022 मध्ये तिथले डिजिटल मंत्री तारो कोनो यांना फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारावं लागलं. अर्ज फ्लॉपीवरच द्या किंवा तत्सम जुन्या साधनावर द्या, असं सांगणारे हजारावर नियम होते. जून 2024 च्या अखेरीस युद्ध जिंकल्याची घोषणा झाली. सोनीने फ्लॉपी बनवणं बंद केलं 2011 मध्ये. शत्रू मरून तेरा वर्षं झाल्यावर मिळालेला हा इतिहासातला एकमेव विजय असावा.

त्याच देशात 2018 मध्ये सायबर सुरक्षेचे मंत्री होते योशिताका साकुरादा. त्यांनी संसदेत शांतपणे सांगितलं की आपण संगणक वापरत नाही. पंचविसाव्या वर्षापासून हाताखालच्या लोकांना सांगून कामं करून घेतो. जगभर हसं झालं. पण विचार करा, ज्या मंत्र्याने संगणकाला हात लावलेला नाही, त्याचा संगणक हॅक कोण करणार?

आणि एक बारीक तपशील. 2022 मध्ये यामागुची प्रांतातल्या आबू नावाच्या छोट्या गावाने 463 कुटुंबांच्या कोविड मदतीएवढी सगळी रक्कम, 4 कोटी 63 लाख येन, एकाच माणसाच्या खात्यात पाठवली. त्याने ती ऑनलाइन जुगारात उडवली. बँकेला माहिती फ्लॉपीवरून गेली होती, म्हणून जगाने फ्लॉपीला शिव्या घातल्या. प्रत्यक्षात फ्लॉपीतली यादी बरोबर होती. चूक झाली सोबत दिलेल्या कागदी अर्जात. तो अर्ज एका माणसाने भरला होता, आणि दुसऱ्याने न बघता पुढे ढकलला होता.

यंत्र नवं असो की जुनं, न बघता पुढे ढकलणारा माणूस त्याच्यासोबत फुकट मिळतो.

आता घरी, महाराष्ट्रात या. चपला बाहेर काढायची गरज नाही, आपल्याकडे सगळं पेपरलेस आहे.

सातबाऱ्यापासून सुरुवात करू. डिजिटल सहीचा सातबारा 2018 मध्ये आला. 15 रुपयांत घरबसल्या. उत्तम सोय, मनापासून सांगतो. फक्त तो घेऊन तुम्ही बँकेत गेलात की पलीकडून विचारणा व्हायची, यावर तलाठ्याचा सही-शिक्का कुठाय? शिक्का नको म्हणून तर सरकारने संगणक आणला, असं तुम्ही म्हणायचात. मग पलीकडचे साहेब चष्म्यावरून बघायचे. डिसेंबर 2025 मध्ये शासनाला पुन्हा सांगावं लागलं की हा उतारा कायदेशीर आहे, वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही.

सही डिजिटल व्हायला एक दिवस लागला. ती सही आहे हे पटायला सात वर्षं. दरम्यान तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. ते मात्र झटपट झालं.

ई-पीक पाहणी घ्या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर. पूर्वी शेतात कोणतं पीक उभं आहे याची नोंद तलाठी करायचा. चावडीत बसून करतो, बांधावर येतच नाही, अशी तक्रार असायची. तक्रार रास्त होती. उपाय काय निघाला? शेतकऱ्यानेच शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा.

तलाठी बांधावर आलाच नाही. ॲप आलं.

म्हणजे पगार सरकारचा, काम तुमचं, मोबाइल तुमचा, डेटा पॅकही तुमचा. शेतात रेंज नाही? टेकडीवर जा. टेकडीवर रेंज आहे, पण ॲप म्हणतं तुम्ही शेतात नाही आहात. बरोबरच आहे त्याचं. मग मुदतवाढ येते. त्यातही नोंद राहिली तर गावात सहायक येतो आणि तो नोंद करतो. म्हणजे फिरून माणूसच. पण यंत्राने बोलावलेला, म्हणून आधुनिक. आणि नोंद राहूनच गेली तर? अतिवृष्टी झाल्यावर कार्यालयात शेतकऱ्याला विचारलं जातं, तुम्ही पाहणी का केली नाही?

पूर्वी तलाठ्याचा आळस होता. आता शेतकऱ्याचा निष्काळजीपणा झाला. याला म्हणतात सुधारणा.

‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बहिणींचं तेच. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आली. आधी आपला आधार, मग पती किंवा वडिलांचा आधार, त्यावर येणारा ओटीपी. रात्री जागून बायका ओटीपीची वाट बघत होत्या, आणि तो दुसऱ्या दिवशी सावकाश उगवत होता. पण त्याहून सरळ प्रश्न कुणाच्या डोक्यात आलाच नाही. पती हयात नाही आणि वडीलही नाहीत, अशा बाईने ओटीपी कुणाच्या मोबाइलवर मागवायचा? योजना जिच्यासाठी म्हणून सांगितली होती, नेमकी तीच बाई अर्जाच्या चौकटीत बसेना.

मग मुदत वाढली आणि तोडगा निघाला: मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्या. बघा, सगळे सर्व्हर, सगळे ओटीपी थकले की सरकारला अंगणवाडी सेविका आठवते. तिचं मानधन वाढवायच्या वेळी मात्र हीच स्मरणशक्ती दगा देते.

रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लावायचा असतो. वीटभट्टीवर, ऊसतोडीत, धुण्याभांड्यात ज्यांची बोटं झिजली त्यांचा अंगठा यंत्राला दिसत नाही. ज्याने कधी काही उचललं नाही त्याचा अंगठा अगदी स्वच्छ उमटतो. यंत्राला कष्टाची ॲलर्जी असावी.

इथे मात्र विनोद थांबवतो. 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी गेली. आधार जोडलेलं नाही म्हणून रेशन बंद झालं, ती उपाशी गेली, असं घरच्यांनी सांगितलं. प्रशासन म्हणालं, मलेरिया होता. त्यानंतर महिनाभराने केंद्राने राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळला नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नका. नियम झाला. दुकानात जाऊन बघा, भिंतीवर तो कुठे लावलेला दिसतो का.

हजेरीचीही गोष्ट ऐका. मनरेगाच्या कामांवर खोटी हजेरी लागायची, म्हणून 2023 च्या पहिल्या दिवसापासून सगळीकडे ॲप सक्तीचं झालं. कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोन फोटो, ठिकाणासह, वेळेसह. आता चोरी कशी होईल? जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यानेच पत्रक काढून सांगितलं की कशी होते. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात. फोटोचाच फोटो काढला जातो. यादीत बायका आणि फोटोत पुरुष, असंही चालतं. एकच माणसं अनेक हजेरीपटांवर दिसतात.

यावर उपाय? ग्रामपंचायतीत माणसांनी सगळेच्या सगळे फोटो डोळ्यांनी तपासायचे. शंभर टक्के.

माणसावर भरवसा नाही म्हणून यंत्र आणलं. यंत्रावर भरवसा नाही म्हणून माणूस नेमला. मधल्या मधे ज्याने खड्डा खणला त्याचा फोटो सकाळी चढला नाही, तर मजुरी कुणाची बुडाली? पत्रक काढणाऱ्याची?

आता वाचक म्हणतील, तुम्हाला चांगलं काही दिसतच नाही. दिसतं की. यूपीआय दिसतं. भाजीवालीकडे सुट्ट्या पैशांची कटकट संपली, तिथे मी कशाला नाक मुरडू?

पण ते का चालतं, हेही बघा. हुशार इंजिनीअर होते, म्हणून? हुशार इंजिनीअर आपल्याकडे इतरही खात्यांना मिळतात. यूपीआयही अधूनमधून गचके खातंच. फरक दुसरीकडे आहे. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला: पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर ठरल्या दिवसांत आपोआप परत करा, उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला 100 रुपये भरपाई द्या. ग्राहकाने अर्ज करायची वाट बघू नका.

दिवसाला 100 रुपये. फार मोठी रक्कम आहे का? नाही. पण ती कुणाच्या तरी खिशातून जाते. आणि खिशाला कात्री लागली की सर्व्हर चमत्कार झाल्यासारखा सुरू होतो.

आता हाच नियम रेशनला लावा. सर्व्हर बंद, म्हणून धान्य मिळालं नाही: कार्डधारकाला दिवसाला 100 रुपये. ई-केवायसीचा ओटीपी आला नाही: बहिणीला 100 रुपये. हसू आलं? तेच म्हणतोय मी. बँकेच्या ग्राहकाच्या बाबतीत हा नियम वाटतो, रेशनच्या रांगेत तोच विनोद वाटतो.

आपल्याकडे लोकसेवा हक्क कायदा आहे, 2015 चा. दाखला वेळेत दिला नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. चांगला कायदा. आता खिडकीवर काय ऐकू येतं? ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ बंद झालं. ‘सर्व्हर डाऊन आहे’ सुरू झालं. साहेबाला दंड करता येतो.

सर्व्हरला कसा करणार?

फास्टॅगची कथा तर नमुनेदार. 2018 पासून नियम आहे: तुमचा टॅग चालू आहे, खात्यात पैसे आहेत, पण नाक्यावरचं यंत्रच तो वाचू शकत नसेल, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रुपयांची पावती द्यायची. होय, फुकट. तुम्हाला माहीत होतं? नाक्यावरच्या पोराला माहीत असतं? एकदा मागून बघा ती शून्याची पावती. मागे दहा ट्रक हॉर्न वाजवत असताना, खिडकीतून मान बाहेर काढून, शांतपणे.

उलट बाजूचा नियम मात्र सगळ्यांना पाठ. नोव्हेंबर 2025 च्या नियमाप्रमाणे तुमचा टॅग बंद असेल तर रोखीने दुप्पट. यूपीआयने दिले तर सव्वापट. तुमची चूक यंत्राला मिलिसेकंदात कळते. यंत्राची चूक तुम्हाला भांडून सिद्ध करावी लागते.

मग आशियात कुठेच कुणी जबाबदारी घेत नाही? घेतात. सिंगापूरने कोविडमध्ये संपर्क शोधायचं ॲप काढलं. सरकारने शब्द दिला होता, माहिती फक्त साथीसाठीच वापरू. जानेवारी 2021 मध्ये उघड झालं की फौजदारी कायद्याने पोलिसही ती मागू शकतात. तिथे यंत्र बिघडलं नव्हतं, शब्द बिघडला होता. मंत्री विव्हियन बालकृष्णन संसदेत उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी, पूर्ण जबाबदारी माझी. फेब्रुवारी 2021 मध्येच कायदा बदलून पोलिसांचा हात सात गंभीर गुन्ह्यांपुरता बांधला गेला.

हात पूर्ण सोडवला नाही, हे चाणाक्ष वाचकांनी टिपलं असेलच. तरी एक माणूस उभा राहिला, त्याला नाव होतं, आणि तो सर्व्हर नव्हता.

आपल्याकडे आता नवं पर्व आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने मेटा कंपनीशी करार जाहीर केला: ‘आपले सरकार’च्या पहिल्या टप्प्यातल्या 500 सेवा व्हॉट्सॲपवर. म्हणजे उत्पन्नाचा दाखला आता ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूल, मावसभावाच्या मुंजीचा व्हिडिओ आणि सोसायटीच्या पाण्याच्या भांडणातून शोधायचा.

पण एक फायदा मानलाच पाहिजे. आजवर अर्ज साहेबांनी वाचला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका दिसतील. वाचला, आणि तरी काही केलं नाही, याचा पुरावा थेट तुमच्या हातात.

अर्थात निळ्या टिका बंद ठेवायची सोयही त्याच ॲपमध्ये आहे. एरवी साध्या पीडीएफसाठी शिपायाला हाक मारणारे साहेब ती सेटिंग कुणाला न विचारता शोधतील.